बोंबलाचा वास येणारी बाटली

१

चोरी झाली होती, आणि काहीही हललेलं नव्हतं.

बाटल्या फ्रिजच्या खणात जागच्या जागी उभ्या होत्या. झाकणं घट्ट होती. डॉ. नेत्रा कर्णिक यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या तशाच होत्या आणि पाणी खुणेपर्यंत भरलेलं होतं. फक्त त्या पाण्यात औषध नव्हतं.

मुरुडहून आगरदांड्याला जाणाऱ्या रस्त्यावर, नारळाच्या वाडीत एक बंद पडलेलं लॉज आहे. नेत्राने तिथे छोटी प्रयोगशाळा थाटली होती. आतड्याला सूज येऊन आतून जखमा होतात, पोटात कळा येतात, शौचावाटे रक्त जातं, मूल वाळत जातं, त्या आजारावर ती औषध शोधत होती. गेल्या पावसाळ्यापासून खपून तिने चिमूटभर पांढरी पूड तयार केली होती. ती पाण्यात विरघळवून, बाटल्यांत भरून मुंबईच्या संस्थेकडे पाठवायची होती. तिथे आजारी उंदरांवर प्रयोग व्हायचा होता.

पाठवण्यापूर्वी तिचा मदतनीस गणराज याने प्रत्येक बाटलीतला एक थेंब तपासला. तपासायची रीत सोपी होती. तपकिरी रंगाच्या द्रावणात थेंब टाकायचा. औषध असेल तर तपकिरी रंग निळा होतो. पहिल्या बाटलीचा थेंब टाकला, रंग तपकिरीच राहिला. दुसरीचा टाकला, तरी तपकिरी. एकेक करत त्याने सगळ्या तपासल्या.

एकाच बाटलीच्या थेंबाने निळा रंग दिला.

दोन दिवसांत गावभर बोभाटा झाला, तेव्हा नेत्राने शाळेतल्या आपल्या विज्ञानाच्या बाईंना, कोकिळाबाई सावंतांना बोलावून घेतलं. बाई निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. पण मुरुडमध्ये कुणाच्या घरात काही हरवलं, कुणाचं भांडण तुटेना, की लोक अजून बाईंकडे जात. बाई आधी ऐकून घेत आणि मग अगदी साधा प्रश्न विचारत.

नेत्रा म्हणाली, "बाई, फ्रिजच्या खोलीची चावी जीवनकडे असते. मुंबईचे लोक म्हणताहेत, संध्याकाळपर्यंत पोलिसांत तक्रार द्या. आपला जीवन. माझ्याच वर्गातला."

बाईंना मागच्या बाकावरचा जीवन घरत आठवला. शाईचे डाग दगडाने घासून काढणारा. आता तो या प्रयोगशाळेत साफसफाई आणि राखण करत होता. त्याच्या मुलीला, प्राप्तीला, नेमका हाच आजार होता हे सगळ्या मुरुडला ठाऊक होतं.

आणि गेल्या पंधरवड्यात प्राप्ती पुन्हा शाळेत जाऊ लागली होती.

२

बाईंनी आधी फ्रिजची खोली पाहिली. मग एक बाटली उजेडात धरली. झाकण रबराचं, त्यावर पत्र्याची टोपी. नेत्राने भिंगातून दाखवलं, रबराला सुईचं भोकही नव्हतं.

"पण टोप्या बसवायचं यंत्र शेजारच्याच खोलीत आहे," गणराज म्हणाला. तो पालीचा, बल्लाळेश्वराच्या देवळामागच्या आळीतला. पुढच्या महिन्यात हैदराबादच्या एका औषध कंपनीत रुजू व्हायचा होता. त्याचं म्हणणं सरळ होतं. जीवनने टोप्या काढल्या, औषध ओतून घेतलं, मिठाचं पाणी भरलं, नव्या टोप्या बसवल्या. एक बाटली मुद्दाम तशीच ठेवली. कुणी एखादीच तपासली आणि नेमकी तीच हाती लागली, तर चोरी कळली नसती.

बाईंनी विचारलं, कंपनीत जाताना असं औषध हाती असलं तर तुझाही मान वाढला असता ना? गणराजचे कान लाल झाले. त्याने आपली बॅग टेबलावर रिकामी केली. बाईंनी त्यातली मोदकांची पुडी तेवढी उचलून परत आत ठेवली आणि विषय बदलला. औषध बाटल्यांत भरण्याआधी काही वेगळं घडलं होतं का?

घडलं होतं. वादळी वाऱ्याने विजेचे खांब पडले आणि दिवसभर वीज नव्हती. म्हणून फ्रिजमधलं सगळं सामान कोळीवाड्यातल्या नीराबाईंच्या बर्फाच्या कारखान्यात, मासळीच्या शेजारी नेऊन ठेवलं होतं. पुडीचा डबा आणि रिकाम्या बाटल्यासुद्धा. त्या बाटल्या परदेशी, महागड्या, आतून लेप दिलेल्या, म्हणून त्याही फ्रिजमध्येच जपून ठेवत.

"परत आणल्या तेव्हा बोंबलाचा असा वास मारत होता की मी हात लावला नाही," गणराज म्हणाला. "घरी जाऊन दोनदा आंघोळ केली. पालीच्या माणसाला इथे नोकरी करायची म्हणजे शिक्षाच आहे, बाई."

"आणि पूड?"

नेत्राने सांगितलं की पुडीचा डबा पत्र्याचा, सील केलेला होता. परत आल्यावर तिने वजन केलं, ते बरोबर भरलं. मग बाटल्या धुऊन, सुकवून आल्यावर तिने स्वतः, दार लावून, त्या भरल्या. टोप्याही तिनेच बसवल्या. औषध आत गेलं होतं, याची तिला खात्री होती.

बाईंनी मान डोलावली. निघताना त्यांनी निळी ठरलेली ती एकटी बाटली नाकाजवळ नेली. मग दुसरी नेली, तिसरी नेली. नेत्राने विचारलं, काय झालं? बाईंनी मोरीशी जाऊन खिळ्याला अडकवलेली काथ्याची कुंचली बोटाने हलवून पाहिली. बोटाला करडी पूड लागली.

३

बर्फाच्या कारखान्याच्या दारात नीराबाई टोपलीत पापलेटं लावत होत्या. बाईंनी येण्याचं कारण सांगितलं, तशा त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"माज्या बर्फातना आजवर सुकट न्हाय गेली चोरीला, नि ह्यांचं बिनवासाचं पानी कोन नेल? त्या पालीच्या पोराला सांगा, डबा उचलायला नाकाला रुमाल बांधून आलता. म्हनलं, बाबा, लग्नात मास्क लावून जाशील काय?"

बाई हसल्या. मात्र नीराबाईंनी एक कामाची गोष्ट सांगितली. जीवन सामान न्यायला आला तेव्हा त्याने सगळ्या बाटल्यांचा वास घेतला होता आणि म्हणाला होता, हे औषध उद्या कुणाच्या पोटात जाणार, असल्या घाण बाटल्यांतून कसं द्यायचं.

जीवन घरी नव्हता. खाडीच्या बंधाऱ्यावर होता. त्याचं गाव खारजमिनीचं. एका बाजूला भरतीचं पाणी, दुसऱ्या बाजूला भातशेती आणि मधे मातीचा बांध. उधाणात बांधाला भगदाड पडलं की त्याला खांड म्हणतात. खांड गेल्याची हाळी आली की ज्याच्या हातात जे असेल ते टाकून घरातल्या एकाने धावायचं, असा गावाचा नेम आहे. जेवणाच्या ताटावरून लोक उठतात. गेल्या उधाणात पडलेली खांड बुजवली होती, आणि आता तिच्यावर मातीचा नवा थर चढत होता.

बाईंना पाहताच जीवन चिखलातून वर आला. हात पुसायला काही नव्हतं म्हणून ते तसेच मागे धरून उभा राहिला.

बाईंनी आडवळण घेतलं नाही. "जीवन, औषध घरी न्यावं असं कधी तुझ्या मनात आलं होतं का?"

त्याने पायाने बांधावरचं एक ढेकूळ खाली लोटलं.

"आलं व्हतं, बाई. रोज येतं. फ्रिज उघडला का येतं." मग म्हणाला, "पन बाटलीवर लिवलंय, उंदरांसाठी. माझी पोर उंदीर न्हाय. तिच्यावर मी काय करून बघू?"

पुढचं त्याने अडखळत सांगितलं. प्राप्तीला मुंबईच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या. गुण यायला वेळ लागेल असं त्यांनी आधीच सांगितलं होतं, आणि आता तो येत होता. पण गावात कुणी ते मानत नव्हतं. शाळेत एका मुलीने प्राप्तीला विचारलं होतं, तुझ्या बाबांनी तुझ्यासाठी चोरी केली ना? तेव्हापासून प्राप्ती गोळ्या घेईना. बरं वाटलं तर बाबा चोर ठरतील, असं ती म्हणत होती.

बाईंनी पदर खांद्यावर घेतला आणि जीवनच्या घराची वाट धरली. आता प्रश्न नुसता एका नोकरीचा उरला नव्हता.

४

प्राप्ती ओटीवर बसली होती. समोर पाण्याचा पेला आणि शेजारी न घेतलेली गोळी. बाईंनी गोळीकडे पाहिलंच नाही. त्या शेजारी टेकल्या आणि त्यांनी विचारलं, आजाराबद्दल तुला कुणी नीट सांगितलंय का?

प्राप्तीने नाही म्हणून मान हलवली. मोठी माणसं फक्त तिखट खाऊ नको म्हणत.

मग बाईंनी सांगायला घेतलं. वर्षानुवर्षं वर्गात सांगत, तशाच सावकाश. आपलं आतडं म्हणजे एक लांब नळी. तिच्या आत, आपण ज्यांना मोजूही शकणार नाही इतके जंतू राहतात. बरेचसे आपल्या उपयोगाचे असतात, पण ते आतच राहिले पाहिजेत. ते आणि आपलं रक्त यांच्यामधे एक भिंत आहे. तिची जाडी किती असेल?

प्राप्तीने बोटभर दाखवली. मग विचार करून नखाएवढी.

"एका पेशीएवढी," बाई म्हणाल्या. "पेशी डोळ्यांना दिसतही नाही. तशा पेशी एकीला एक लागून उभ्या असतात, एकच रांग. शिवाय ही भिंत थोड्या थोड्या दिवसांनी सगळी नवी होते. तू झोपलेली असतेस तेव्हाही."

प्राप्तीने नकळत पोटावर हात ठेवला.

"म्हणजे आमच्या बांधासारखी," ती म्हणाली. "आणि खांड पडली की सूज?"

बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी तिच्या पाठीवर थाप दिली. मग म्हणाल्या, अगदी तसंच. भिंतीवर बुळबुळीत चिकट थर असतो, बांधावरच्या चिखलासारखा. आणि भिंतीच्या तळाशी, खोल खळग्यांत, काही पेशी बसलेल्या असतात. त्या राखणदार बनवून वर सोडतात. प्रथिन म्हणजे मण्यांची लांब माळ धरली, तर हे राखणदार म्हणजे त्याच मण्यांच्या आखूड माळा. त्यांना पेप्टाइड म्हणतात. जंतू भिंतीजवळ आले की ते त्यांना अडवतात. ज्यांच्या आतड्याला सूज असते, त्यांच्यात काही वेळा हे राखणदार कमी पडतात. नेत्राचं औषध म्हणजे अशाच एका माळेची नक्कल.

"पण बाई, ते वाहून का नाही जात? पोटात सारखं पाणी, जेवण येतं. उधाणाला तर दगडसुद्धा जातात."

उत्तम प्रश्न होता. बाईंनी प्राप्तीच्या केसांतून कंगवा भराभर फिरवला आणि वहीच्या कोऱ्या कागदाचे कपटे करून त्याजवळ नेला. कपटे उडून कंगव्याला चिकटले. बाई म्हणाल्या, माळेवर एका जातीचा विद्युतभार असतो आणि चिकट थरावर उलट जातीचा. म्हणून ती माळ थराला ओढली जाते आणि तिथेच धरून राहते. वाहून जाणं तिच्या स्वभावातच नाही. भिंत दिसली की...

बाई थांबल्या. त्यांची नजर प्राप्तीसमोरच्या काचेच्या पेल्यावर गेली.

"भिंत दिसली की काय?" प्राप्तीने विचारलं.

बाई उठल्या होत्या. अंगणाच्या कडेला जीवन चिखलाचे पाय धूत होता. त्यांनी त्याला तिथूनच विचारलं, "जीवन, त्या बाटल्यांचा बोंबलाचा वास तू कशाने घालवलास?"

५

संध्याकाळ व्हायला आली होती. तक्रारीचा कागद नेत्राच्या टेबलावर टाईप होऊन पडला होता. गणराज खिडकीशी उभा होता. जीवन प्राप्तीला घेऊन दाराबाहेर थांबला. बाईंनी दोघांना आत बोलावलं.

बाई म्हणाल्या, चोराने एक बाटली का सोडली, हा प्रश्न सगळ्यांनी विचारला. मी नुसता वास घेतला. औषध असलेल्या बाटलीला बाहेरून अजून बोंबलाचा वास येतो. बाकीच्या स्वच्छ आहेत. म्हणजे ही एक धुतली गेली नाही. मोरीशी काथ्याची कुंचली आहे आणि तिला राख लागलेली आहे.

जीवन गोंधळून गेला होता. त्याने सांगितलं, वास जाईना म्हणून त्याने मागच्या पडवीतल्या चहाच्या चुलीची राख घेतली. काथ्याची बारीक कुंचली करून बाटल्या आतून-बाहेरून घासल्या, माशांची भांडी घरी घासतात तशा. मग नेहमीप्रमाणे शुद्ध पाण्याने विसळून भट्टीत सुकवल्या.

"आणि शेवटची?"

"खांड गेल्याची हाळी आली, बाई. ती हातातच व्हती. नुसती विसळली, बाकीच्यांबरोबर सुकवायला ठेवली नि पळालो."

"वास घालवा असं मीच सांगितलं होतं," गणराज हळूच म्हणाला. "मला त्याची आठवणही राहिली नव्हती."

नेत्रा खुर्चीतून उठली. तिला उमगलं होतं, पण विश्वास बसत नव्हता. बाटल्यांना आतून जो न दिसणारा लेप होता, तो काचेला आणि औषधाला एकमेकांपासून दूर ठेवण्यासाठीच होता. राखेने तो लेप निघून गेला. काच उघडी पडली. आणि त्या चिकट थरावर ज्या जातीचा भार असतो, त्याच जातीचा भार उघड्या काचेवरही असतो.

बाई म्हणाल्या, "औषध कुणी नेलं नाही, नेत्रा. त्याला भिंत दिसली आणि ते भिंतीशी जाऊन बसलं. त्याचं कामच ते आहे."

आता हे सिद्ध करायला हवं होतं. नेत्राने घासलेल्यांतली एक बाटली उघडली आणि तिच्यातलं पाणी काढून वेगळं ठेवलं. बाटलीत काही उरलं नाही. मग तिने थोडं आंबट, खारट द्रावण त्यात घातलं. भिंतीवरची पकड सोडवण्यासाठी, असं तिने प्राप्तीला सांगितलं. बाटली हातात धरून ती बराच वेळ हळूहळू फिरवत राहिली. बाहेर नारळाच्या झावळ्या वाजत होत्या.

गणराजने तपकिरी द्रावण समोर ठेवलं. आधी नुसत्या आंबट पाण्याचा थेंब टाकून दाखवला. रंग बदलला नाही. मग नेत्राने बाटलीतला थेंब टाकला.

काही झालं नाही, असं वाटलं. मग थेंब पडला होता तिथून एक निळा धागा खाली उतरला. तो रुंद होत गेला, फिरला, पसरला, आणि बघता बघता सगळी नळी निळी झाली. पाऊस उघडल्यावर खाडीवर जो निळा रंग येतो, तसा.

जीवनने भिंतीला हात टेकला. त्याने नेत्राकडे पाहिलं आणि शाळा सुटल्यापासून पहिल्यांदाच तिला मॅडम म्हणायचं विसरला. "नेत्रा, म्हंजी ते हिथंच व्हतं?"

"इथेच होतं," ती म्हणाली. "फक्त शुद्ध पाण्याने विसळायच्या, एवढंच मी तुला सांगितलं होतं. का, ते सांगितलं नव्हतं. चूक माझी आहे, जीवन."

तिने टेबलावरचा कागद उचलून उलटा ठेवला आणि कोऱ्या पाठीवर मुंबईला काय कळवायचं ते लिहायला घेतलं. सगळ्या बाटल्यांतून औषध सोडवून, गाळून, पुन्हा त्याची पूड करावी लागणार होती. थोडं वाया जाणार होतं, बरंचसं हाती येणार होतं. लिहिता लिहिता तिने, त्याच्याकडून काढून घेतलेली फ्रिजच्या खोलीची चावी जीवनच्या बाजूला सरकवली. त्याने ती लगेच उचलली नाही, आधी चिखलाचा हात शर्टाला पुसला.

६

प्राप्ती निळ्या नळीसमोरून हलली नव्हती.

"हे मला कधी मिळणार?"

बाईंनी नेत्राकडे पाहिलं. मग नेत्रानेच खरं ते सांगितलं. आधी उंदीर. त्यात जमलं तर मग माणसं, तीही मोठी. कितीतरी वर्षं लागतील, आणि कदाचित जमणारही नाही. तोवर तिच्या डॉक्टरांच्या गोळ्याच तिच्या कामाच्या होत्या, आणि त्या काम करत होत्या.

प्राप्तीचा चेहरा उतरला. बाई तिच्याशेजारी वाकल्या.

"प्राप्ती, नेत्राने ही माळ कुठून शिकून घेतली, सांगू? माणसाच्या पोटातून. तुझ्यातही ती बनते, खाली, खळग्यांत. आता कमी पडत असेल, पण बनणं थांबलेलं नाही. आपण इथे बोलतोय, या क्षणालाही बनतेय."

"कुणी न सांगता?"

"कुणी न सांगता."

प्राप्तीने फ्रॉकच्या खिशातून कागदात गुंडाळलेली गोळी काढली. सकाळची, ओटीवर न घेतलेली. तिने बाबांकडे पाणी मागितलं आणि ती घेतली. जीवन खिडकीबाहेर बघत राहिला.

घरी जाताना तिने नेत्राकडे एक रिकामी बाटली मागून घेतली, राखेने घासलेल्यांतली एक. आगरदांड्याहून शेवटची बोट दिघीकडे निघाली होती आणि खाडीवर तिरपं ऊन होतं. बांधावर लोक अजून चिखलाच्या टोपल्या एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती देत होते. जीवन चपला काढून त्यांच्यात उतरला.

प्राप्ती बांधाच्या कडेला बसली आणि तिने बाटली उन्हात धरली. काच स्वच्छ होती. आतल्या भिंतीवर काही दिसत नव्हतं. तिने ती थोडी फिरवली, पुन्हा पाहिलं. दुसरा हात तिने पोटावर ठेवला होता.